तात्पर्य गिळा, गोष्ट सांगा: प्राणीकथा मुलांना सांगण्याची एक रीत

रात्रीचे साडेनऊ. दिवा मालवलेला, पंखा कुरकुरतोय. सहा वर्षांची भाची म्हणते, "आत्या, गोष्ट." मी सिंह आणि सशाची सुरू करते. ठरल्याप्रमाणे रोज एक प्राणी सिंहाकडे जायचा. एक दिवस सशाची पाळी आली. तो मुद्दाम उशिरा पोचला, वाटेत दुसऱ्या सिंहानं अडवलं म्हणून थाप मारली, विहीर दाखवली, आणि सिंहानं आपल्याच प्रतिबिंबावर उडी घेतली. मग जिभेच्या टोकावर बसलेलं वाक्य बाहेर पडलंच: "म्हणून, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ."

भाची अंधारात थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पण सशाच्या आधी जे गेले, त्यांच्यातल्या कुणालाच नाही का सुचलं?"

ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली असेल. सशाआधी गेलेल्यांची मला एकदाही आठवण झाली नव्हती. मी तात्पर्य सांगून गोष्टीला कडी घालत होते आणि पोर आतून दार वाजवत होती.

तेव्हापासून माझी सांगायची रीत बदलली. तीच इथे पायरीपायरीनं देते. आईबाबा, आजीआजोबा, बालवाडीच्या ताई, कुणालाही जमेल. खरा वेळ तयारीला लागतो. सांगायला पाच मिनिटं पुरतात.

पहिली पायरी: गोष्ट कुठल्या घरची आहे ते बघा

बाजारात मिळणाऱ्या 'प्राण्यांच्या गोष्टीं'च्या पुस्तकात निदान तीन घराण्यांच्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या नाहीत तर एका रात्री "थाप मारणारा ससा हुशार" आणि दुसऱ्या रात्री "थाप मारणारा मेंढपाळ वाईट" असं होतं, आणि मूल बरोबर पकडतं.

पंचतंत्राची चौकट आठवा. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याचे तीन मठ्ठ राजपुत्र, आणि सहा महिन्यांत त्यांना नीतिशास्त्रात तयार करण्याची पैज घेणारा विष्णुशर्मा. म्हणजे हे उद्याच्या राजांचं शिक्षण आहे. इथल्या 'नीती'चा अर्थ सदाचार नव्हे. माणसं ओळखणं, डाव ओळखणं, वेळेवर पाय काढता घेणं हा आहे. पहिलं तंत्र मित्रभेद. त्यात पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री दमनक नावाचा कोल्हा फोडतो, बैल मारला जातो, आणि दमनक मंत्रिपदावर मजेत राहतो! शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. हे पचवणं जुन्या लोकांनाही जड गेलं असावं. सहाव्या शतकात हा ग्रंथ इराणात पहलवी भाषेत गेला, तिथून आठव्या शतकात अरबीत. दमनकाचा जोडीदार करटक आणि दमनक यांचे 'कलीला' आणि 'दिम्ना' झाले, आणि अरबी ग्रंथात चक्क एक नवं प्रकरण आलं, ज्यात दिम्नावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते.

जातककथांचं, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींचं घर निराळं. पाली संग्रहात त्या ५४७ आहेत. बोधिसत्त्व कधी हत्ती, कधी माकड, कधी हरीण होऊन जन्मतो आणि दुसऱ्यासाठी स्वतःचं काहीतरी देऊन टाकतो. अजिंठ्याला गेलात तर १७ क्रमांकाच्या लेण्यात छद्दंत हत्ती शोधा. व्याधाला त्याचे सुळे कापणं जमेना, तेव्हा हत्तीनं स्वतःच ते कापून दिले, अशी ती कथा. मुलांना भिंतीसमोर उभं करून सांगितलेली गोष्ट पुस्तकातल्या दहा गोष्टींना भारी पडते.

इसाप ग्रीसचा, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला, आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटस त्याला गुलाम म्हणतो. त्या नजरेनं वाचलं की इसापच्या गोष्टींचा कोरडेपणा कळतो. सिंहानं शिकारीची वाटणी केली की सगळे वाटे सिंहाचेच. लांडग्याला कोकरू खायचंच असेल तर कारण सापडतंच. खालून वर बघणाऱ्या माणसाचं हे शहाणपण आहे. मराठीत इसाप आला त्यालाही आता जवळपास दोनशे वर्षं होतील. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' १८२८ची. आणि आपण ज्याला इसापचं तात्पर्य समजतो, त्या शेवटच्या ओळी नंतरच्या संग्राहकांनी जोडलेल्या आहेत.

राहिल्या घरच्या गोष्टी. शेणाचं घर आणि मेणाचं घर, टुणुक टुणुक जाणारा भोपळा. यांना तात्पर्य कुणी छापलं नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

दुसरी पायरी: हाडं मोजा

गोष्ट पाठ करू नका. दोनदा वाचा, पुस्तक मिटा आणि चार वाक्यांत लिहून काढा. कुणाला काय हवं होतं, त्यासाठी त्यानं काय केलं, कुठे चुकलं किंवा जमलं, शेवटी काय झालं. निळ्या कोल्ह्याची हाडं अशी:

भुकेला कोल्हा गावात शिरला आणि कुत्र्यांना भिऊन रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात पडला. निळं अंग बघून जंगल घाबरलं, तेव्हा तो राजा झाला. राजा झाल्यावर त्यानं आधी स्वतःच्या जातभाईंना, कोल्ह्यांनाच हाकलून दिलं. एका रात्री लांबून कोल्हेकुई ऐकू आली, त्याच्याही तोंडून कुई निघाली, आणि तो उघडा पडला.

आता बघा, बहुतेक छापील आवृत्त्यांत तिसरं हाड गायब असतं. मग उरते ती नुसती "सोंग फार काळ टिकत नाही" ही गोष्ट. तिसरं वाक्य ठेवलं की ती आपल्याच माणसांना विसरलेल्याची गोष्ट होते, आणि शेवटची कुई एकदम कळवळून येते. त्याला राहवलं नाही, कारण ती त्याच्या घरची हाक होती. लिहून काढल्याशिवाय हे दिसत नाही.

हाडं हातात आली की मांस आपलं आपण चढवता येतं. पिंप, कुत्रे, रंगाऱ्याची बायको, काय हवं ते. हाड मात्र मोडायचं नाही.

तिसरी पायरी: प्राण्याला प्राणी राहू द्या

प्राणीकथेत प्राणी का असतात? कारण ओळख करून द्यायला वेळ लागत नाही. "एक कोल्हा होता" म्हटलं की निम्मं काम झालं. पण मूल कोल्ह्याला नुसतं 'लबाड' म्हणून ओळखू लागलं तर ते आपलं नुकसान. म्हणून मी प्रत्येक गोष्टीत एक तरी खरा तपशील घालते. कोल्हा बोरं खातो, उसात शिरतो, संध्याकाळी एकानं सुरू केलं की बाकीचे सूर लावतात. कावळा चमकणारी वस्तू मान तिरकी करून बघतो.

जाता जाता एक गंमत. इसापचा द्राक्षं आंबट म्हणणारा प्राणी हा मुळात कोल्हा नव्हेच, तो खोकड, म्हणजे इंग्रजीतला 'फॉक्स'. मराठीत येताना त्याचा कोल्हा झाला, कारण आपल्याकडे लबाडीची गादी आधीच पंचतंत्रातल्या कोल्ह्याकडे होती. "कोल्ह्याला द्राक्षे आंबट" आता इतकं मुरलंय की दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. मात्र आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे सांगा. कोल्हा आणि खोकड यांचे फोटो शेजारी ठेवा. अर्धा तास छान जातो.

चौथी पायरी: सांगताना

सुरुवातीला पंचतंत्राचीच एक युक्ती उचला. तिथे एक पात्र दुसऱ्याला म्हणतं, अशानं तुझी खुंटी उपटणाऱ्या माकडासारखी गत होईल. दुसरा विचारतो, "ते कसं?" आणि मग गोष्ट सुरू होते. म्हणजे बोध आधी येतो, पण कोडं होऊन. जेवताना सहज म्हणा, "बोलण्याच्या नादात त्या कासवासारखं व्हायचं हं!" कुठल्या कासवासारखं, हे विचारल्याशिवाय मूल घास गिळणार नाही. हंसांनी काठीला धरून उडवत नेलेला कंबुग्रीव मग आपोआप येतो.

सांगताना मी पाळते त्या गोष्टी थोड्याच. संवाद जास्त, वर्णन कमी. एक ओळ पुन्हा पुन्हा यावी, जी मूल आपल्याबरोबर म्हणेल. "चिऊताई, चिऊताई, दार उघड!" "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." न्हाऊ, तीट, काजळ, अंगडं, एकेक वाढवत जा; तिसऱ्या वेळी मूल तुमच्या आधी बोलतं. प्रत्येक प्राण्याला वेगळा आवाज काढायला जाऊ नका, मध्येच सिंह आणि उंदीर यांची अदलाबदल होते. वेग बदला, तेवढं पुरतं. कासव सावकाश, माकड भरभर.

आणि वळणावर थांबा. मगर माकडाला पाठीवर घेऊन नदीच्या मध्यावर आली. तिथे ती सांगते की माझ्या बायकोला तुझं काळीज खायचंय. इथे थांबायचं. तीन श्वास. मूल मनात माकडाच्या जागी बसून सुटकेचा विचार करू लागतं. गोष्टीतलं सगळं शिकणं त्या तीन श्वासांत असतं, आणि आपण नेमके तेच घाईत उरकतो.

पाचवी पायरी: तात्पर्य गिळा

हे सगळ्यात अवघड. शाळेनं आपल्याला कथालेखनात शीर्षक आणि तात्पर्य लिहायला शिकवलं, तात्पर्य नसलं की गोष्ट अपुरी वाटते. परीक्षेत लिहावंच लागतं, तिथे लिहू दे. पण अंथरुणात नको. गोष्ट संपली की गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा मूलच काहीतरी बोलतं.

नाहीच बोललं तर एक प्रश्न, एकच. "काय शिकलास?" हा प्रश्न सोडून कुठलाही. मला उपयोगी पडलेले काही असे. ससा-कासवाच्या शर्यतीत: कासवानं झोपलेल्या सशाला उठवायला हवं होतं का? मुंगी आणि टोळात: मुंगीनं टोळाला दाणे द्यायला हवे होते का, आणि टोळाचं गाणं मुंगीनं ऐकलं होतं का? माकड-मगरीत: मगर जांभळं खाऊन मैत्री करत होती ती खोटी होती का? यातल्या एकालाही ठरलेलं उत्तर नाही. मुलं भांडतात, बाजू बदलतात. दोन भावंडं असतील तर आपण ऐकत पडायचं.

मुलानं काढलेलं तात्पर्य आपल्याला पटेलच असं नाही. शेजारच्या मुलानं लांडगा आल्याची गोष्ट ऐकून ठामपणे सांगितलं होतं, "एकट्या मुलाला मेंढ्या राखायला पाठवायचंच नाही." मी वाद घातला नाही. मेंढ्या राखण्याबद्दल त्याचं म्हणणं माझ्यापेक्षा बरोबर होतं.

एक पथ्य मात्र पाळा. मूल आज खोटं बोललं म्हणून आज रात्री लांडग्याची गोष्ट काढू नका. त्याला लगेच कळतं की ही गोष्ट नाही, हे लांबवलेलं रागावणं आहे. मग पुढच्या सगळ्या गोष्टींकडे ते संशयानं बघतं. आठवडाभर जाऊ द्या.

कावळ्याची गोष्ट मात्र हातानं करून बघण्यासारखी

तहानलेला कावळा मडक्यात खडे टाकतो ही गोष्ट बहुतेक सगळे सांगतात, करून कुणी बघत नाही. काचेचा उभट ग्लास घ्या, कुंडीतले खडे घ्या. पहिल्यांदा ग्लास अर्ध्याहून थोडा जास्त भरा. खडे टाकत गेलं की पाणी वर चढतं, काठापर्यंत येतं. आता ग्लास रिकामा करून तळाशी दोन बोटं पाणी घ्या आणि खडे टाका. खडे काठापर्यंत येतात, पाणी खालीच! खड्यांच्या मधल्या फटींतच ते मावून जातं. म्हणजे कावळ्याला युक्ती सुचली हे खरं, पण मडक्यात पाणी पुरेसं होतं म्हणून ती चालली. हे मुलाला आपण सांगायचं नाही. त्याच्या हातात दुसरा ग्लास द्यायचा आणि स्वयंपाकघरात निघून जायचं.

२००९ मध्ये शास्त्रज्ञांनी कावळ्याच्या कुळातल्या रूक नावाच्या पक्ष्यांसमोर पाण्याची नळी ठेवली होती, त्यात एक अळी तरंगत होती. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं आणि अळी मिळवली. लहान खड्यांपेक्षा मोठे खडे निवडले, हे विशेष.

सहावी पायरी: कडू गोष्टींचं काय?

या गोष्टींत प्राणी मरतात, फसतात, मित्र मित्राला खायला निघतो. सिंह विहिरीत 'पडला आणि पळून गेला' असं करून गुळमुळीत करण्याच्या मी विरुद्ध आहे. मुलांना ती थाप कळते आणि हाडही मोडतं. गोष्ट कडू वाटत असेल तर ती बदलू नका, पुढे ढकला. ब्राह्मणाच्या घरातलं इमानी मुंगूस, ज्याच्या तोंडाला सापाचं रक्त दिसलं म्हणून बाळाला मारलं असं समजून त्यालाच मारतात, ती गोष्ट मी पाच वर्षांच्या आतल्या मुलांना सांगत नाही. त्या वयात पाळलेला प्राणी म्हणजे घरातलं माणूस. आठव्या-नवव्या वर्षी मात्र ती जरूर सांगावी, आणि सांगून झाल्यावर काही बोलू नये.

पंचतंत्राच्या मूळ संहितेत बायकांविषयी आणि काही जातींविषयी वाईट श्लोक आहेत. ते सरळ गाळा. ती हाडं नाहीत, त्या काळचे कपडे आहेत.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना 'लहान मुलांच्या गोष्टी' नको असतात. त्यांच्यासाठी महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मानं युधिष्ठिराला सांगितलेली उंदीर आणि मांजराची गोष्ट काढा. लोमश मांजर जाळ्यात अडकलंय. पलित नावाचा उंदीर खूश होऊन बाहेर येतो आणि बघतो तर एकीकडे मुंगूस टपलेलं, वर झाडावर घुबड. तो मांजराशी तह करतो: तू मला कुशीत घे, मी जाळं कुरतडतो. तह होतो. शत्रू निघून जातात. पण उंदीर जाळं कुरतडायला मुद्दाम वेळ लावतो. शेवटची दोरी तो व्याध अगदी जवळ आल्यावर तोडतो, म्हणजे मांजराला आधी स्वतः पळावं लागेल. संकट टळल्यावर मांजर म्हणतं, ये, आता आपण मित्र. उंदीर बिळातूनच उत्तर देतो: गरज संपली, मैत्री संपली. शाळेतले गट, क्रिकेटच्या टीम, सोसायटीतली भांडणं, सगळं या एका गोष्टीत बसतं. चर्चा रात्री अकरापर्यंत चालते, हा अनुभव आहे.

सातवी पायरी: स्वतःची रचा

तयार गोष्टी संपतातच. मग आपल्या आजूबाजूचा एक प्राणी निवडा आणि त्याची खरी सवय शोधा. माझी निवड टिटवी. ती उघड्या रानात जमिनीवरच अंडी घालते आणि कुणी जवळ आलं की पंख पसरून ओरडत अंगावर जाते. पहिल्या प्रयत्नात मी तिला उगाच ओरडणारी केलं, शेजाऱ्यांनी दुर्लक्ष केलं, मग मुंगूस आलं. लिहून झाल्यावर कळलं, हा तर लांडग्याचाच सदरा टिटवीला घातला! दुसरा प्रयत्न असा झाला:

टिटवीनं शेतात अंडी घातली. म्हैस चरत चरत आली. टिटवी पंख पसरून समोर उभी राहिली, टिव्-टिव् करून रान डोक्यावर घेतलं. म्हशीनं खाली बघितलं आणि बाजूनं गेली. संध्याकाळी टिटवीनं होल्याला सांगितलं, "आज मी म्हैस परतवली." दुसऱ्या दिवशी गाय आली, तीही वळली. तिसऱ्या दिवशी पाटाला पाणी सुटलं. होला म्हणाला, "पाणी येतंय." टिटवी म्हणाली, "येऊ दे." पंख पसरून ती समोर उभी राहिली. पाण्यानं खाली बघितलं नाही. पुढच्या वर्षी तिनं उंच बांधावर अंडी घातली. माणसं म्हणाली, "टिटवी उंचावर बसलीय, यंदा पाऊस चांगला."

रचताना तीन गोष्टींनी मदत केली. सवय खरी घेतली, त्यामुळे कल्पना फार ताणावी लागली नाही. एकच गोष्ट तीनदा घडवली, तिसऱ्यांदा बदलली. आणि शेवट टिटवीच्या तोंडी न देता माणसांच्या तोंडी दिला, तोही चुकीचा अंदाज म्हणून, कारण टिटवीला 'मी चुकले' म्हणायला लावलं असतं तर तात्पर्य मागच्या दारानं घरात आलं असतं. टिटवी आणि समुद्राची गोष्ट पंचतंत्रातही आहे, तिथे पक्षी गरुडाकडे दाद मागतात आणि शेवटी समुद्राला अंडी परत द्यावी लागतात. मुलांना दोन्ही सांगा, कुठली आवडली विचारा. माझ्याकडे निकाल समुद्राच्या गोष्टीच्या बाजूनं लागला, कारण अंडी परत मिळाली.

मुलांकडून रचून घ्यायची असेल तर प्राणी त्यांना निवडू द्या, सवय तुम्ही सांगा. पाल शेपटी टाकून पळते. मुंग्या ओळ मोडली की गोंधळतात. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं. पहिली गोष्ट बहुधा "आणि मग सगळे मित्र झाले" अशी संपेल. चालेल. चौथ्या-पाचव्या गोष्टीत कुणीतरी रागावतं, कुणीतरी एकटं राहतं, आणि मग खरी मजा सुरू होते.

पुन्हा तीच

नवी गोष्ट तयार करून बसावं आणि मूल म्हणावं, "नको, कालचीच." कंटाळू नका. कालचीच सांगा, आणि शब्द बदलू नका. भाचीनं टिटवीची गोष्ट सलग अकरा रात्री ऐकली. मी एकदा घाईत गाय गाळली, तर तिनं मला थांबवलं. बाराव्या रात्री, होला "पाणी येतंय" म्हणाला तिथे, तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांब, आज तिला मी सांगते."